सूर्याआधीचा उजेड

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किनच्या ‘सिल्मरिलियन’ या पुस्तकात सूर्य-चंद्र जन्माला येण्याआधीचा एक उजेड आहे. गेला अख्खा पावसाळा मी तो उजेड चार फूट बाय तीन फुटांच्या कॅनव्हासवर आणायच्या मागे होते. शाळा सुटली की घरी येऊन चहा, आणि मग थेट मागची खोली. चित्र आता पूर्ण झालंय. झाडं, पर्वत, देव, राक्षस यातलं काहीही त्यात नाही. तरी ते त्याच गोष्टीचं चित्र आहे, हे मी छातीठोकपणे सांगते. ते कसं, हे लिहायला बसलेय.

आधी गोष्ट, ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी. टॉल्किन १९७३ मध्ये गेले. त्यांनी आयुष्यभर लिहून ठेवलेल्या कागदांतून त्यांच्या मुलानं, क्रिस्टोफरनं, हे पुस्तक लावलं आणि ते १९७७ मध्ये निघालं. त्यात वालिनोर नावाची देवभूमी आहे आणि तिथं दोन झाडं आहेत. टेल्पेरिऑन रुपेरी, लॉरेलिन सोनेरी. त्या भूमीला उजेड काय तो या दोघांचा. एकेक झाड सात तासांत उजळून पुन्हा मावळतं, आणि एकाचा तास उरला असताना दुसरं जागं होतं. त्यामुळे तिथला दिवस बारा तासांचा, आणि दिवसातून दोनदा, एकेक तास, रुपं आणि सोनं एकमेकांत मिसळतं. या झाडांवरून जे दव आणि जो पाऊस ठिबकतो, तो वार्डा नावाची देवी मोठमोठ्या हौदांत साठवते. तळ्यांसारखे चमकणारे हौद, उजेडाने भरलेले.

मग मेल्कोर नावाचा दुष्ट देव येतो, सोबत उन्गोलिअंटला घेऊन. ही कोळिणीच्या रूपातली, कायम भुकेली. मेल्कोर दोन्ही झाडांत भाला खुपसतो, ती त्या जखमांना तोंड लावून रस पिते, झाडांत विष सोडते, आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून हौदही पिऊन कोरडे करते. नंतर मरता मरता एका झाडाला शेवटचं रुपेरी फूल येतं आणि दुसऱ्याला एकच सोनेरी फळ. त्यांतून चंद्र आणि सूर्य घडवले जातात. म्हणजे आपण ज्याला उजेड म्हणतो तो त्या गोष्टीत उरलासुरला उजेड आहे.

या प्रसंगाची चित्रं पुष्कळांनी काढलीत. टेड नॅस्मिथ या कॅनडाच्या चित्रकाराची चित्रं असलेली आवृत्ती १९९८ ची, आणि त्याचा हात विलक्षण आहे. मी त्याची चित्रं तासन् तास पाहिलीत. पण मी शाळेत चित्रकला शिकवते, आणि दरवर्षी इलेमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांच्या मुलांना स्थिरचित्रात एकच गोष्ट घोटून घोटून सांगते: उजेड कुठून येतो ते आधी ठरवा. डावीकडून येत असेल तर सावली उजवीकडे, घड्याच्या पोटाखाली गडद, काठावर परावर्तित उजेड. वस्तू गोल दिसते ती या सावलीमुळे. हे सगळं गणित एका सूर्याचं किंवा एका दिव्याचं आहे. सूर्यच नसलेल्या जगाचं वास्तववादी चित्र काढायला घेतलं की आपण नकळत आपलाच सूर्य तिथं नेऊन टांगतो. झाडाच्या बुंध्यावर छटा द्यायला लागलो, की तो रंकाळ्यावर सकाळी आठ वाजता दिसणारा बुंधा झाला.

आणि त्या गोष्टीतला उजेड वस्तूंवर नुसता पडत नाही. तो ठिबकतो, साठतो, ओतता येतो, पिता येतो. तो एक पदार्थ आहे. हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं आणि मग दुसरा रस्ताच उरला नाही. रंग हाही पदार्थच. उजेडाचं सोंग आणणारा रंग मला नको होता, स्वतःच ओतलेला उजेड असावा असा रंग हवा होता. वस्तू काढायच्याच नाहीत म्हटल्यावर सावलीचा प्रश्नही मिटतो. अमूर्ताकडे मी आले ती अशी, या गोष्टीच्या गरजेपोटी.

माझे काही चित्रकार मित्र यावर नाक मुरडतात. गोष्ट आली की चित्र बाटलं, अमूर्ताला बाहेरचा आधार कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, आणि या बाबतीत खुद्द टॉल्किन माझ्या बाजूला आहेत. हा माणूस उत्तम चित्रं काढायचा हे बऱ्याच जणांना माहीत असतं, ‘हॉबिट’ या त्यांच्या पुस्तकातली चित्रं आणि नकाशे त्यांचेच. पण १९११ ते १९१३ च्या सुमारास, ऑक्सफर्डला शिकायला गेलेल्या या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानं काही विलक्षण चित्रं काढली, ज्यांत ओळखीची जागा किंवा माणूस जवळजवळ नाही. मनाच्या अवस्थांची चित्रं. दुष्टपणाचं चित्र, मोठं झाल्याच्या भावनेचं चित्र, ‘आधी’चं चित्र, ‘नंतर’चं चित्र. त्याच काळात, १९११ च्या डिसेंबरात, म्युनिकला कँडिन्स्की या सुरुवातीच्या अमूर्त चित्रकाराचा कलेतल्या आत्मिकतेवरचा तो प्रसिद्ध ग्रंथ छापून बाहेर पडत होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध होता असं मी म्हणत नाही. पण एल्फ, ड्वार्फ, ड्रॅगन हे सगळं सविस्तर लिहिण्याच्या आधी या लेखकाच्या हातून आकार आणि रंग थेट आले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अद्भुतकथा आणि अमूर्त चित्र ही एकाच विहिरीची दोन मोटेची तोंडं आहेत.

रचनेला मी थेट त्या बारा तासांनाच हात घातला. कॅनव्हास आडवा, रुंदी अठ्ठेचाळीस इंच. तासाला चार इंच. मग हिशोब आपोआप बसतो: वीस इंच नुसतं रुपं, चार इंच मिसळ, वीस इंच नुसतं सोनं, पुन्हा चार इंच मिसळ. पेन्सिलीनं फक्त तीन उभ्या रेषा मारल्या, त्याही अगदी फिक्या. बघणाऱ्याला हे गणित कळावं अशी माझी अजिबात अपेक्षा नाही. पण ताल असा आतून बांधलेला असला की हात मोकळा सुटतो. तबल्याला मात्रा ठरलेल्या असतात, म्हणून तर वाजवणारा त्यात खेळू शकतो.

रुपेरी आणि सोनेरी म्हटलं की पहिला मोह होतो तो चमकीचा. बाजारात सिल्व्हर, गोल्ड असे तयार अॅक्रिलिक मिळतात, वर्खासारखे पापुद्रेही मिळतात. ते मी ठरवून लांब ठेवले. धातूची चमक म्हणजे खोलीतल्या ट्यूबलाइटची चमक, चित्राची स्वतःची नाही. शिवाय हुपरी आमच्यापासून जवळ. नात्यातल्या एकांचं तिथं चांदीच्या दागिन्यांचं काम आहे, लहानपणापासून येणं-जाणं. पैंजण घडून, आम्लातून निघून, पॉलिशला जायच्या आधी कसे दिसतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल: चांदी तेव्हा चमकत नाही. ती पांढुरकी असते, जरा धुरकट, पण उजेड आत धरून बसल्यासारखी. मला टेल्पेरिऑनसाठी ती चांदी हवी होती.

ती साध्या करड्यातून मिळाली. टायटॅनियम व्हाइटमध्ये अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर, अगदी सुईच्या टोकाएवढं. अल्ट्रामरीन थंड, अंबर उबदार, दोघं एकमेकांना मारतात आणि मधलं करडं उरतं. ते एकटं पाहिलं तर सिमेंट. पण शेजारी यलो ऑकर आणि लेमन यलो आला की तेच करडं निळसर-जांभळट होऊन उठतं. याचं शास्त्र शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं मांडलं, १८३९ साली. तो गोबेलँच्या गालिच्यांच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता, आणि विणकरांची तक्रार होती की काळा धागा काळा दिसत नाही. त्यानं तपासलं तर धाग्याचा रंग ठीक होता, शेजारचे रंग त्याचं रूप बदलत होते. माझ्या चित्रात चांदीला चांदीपण येतं ते शेजारी सोनं आहे म्हणून. त्या गोष्टीतही ही दोन झाडं एकमेकांशिवाय नाहीत, आणि रंगांनी ती गोष्ट इतक्या सरळपणे सांगावी याचा मला खरंच आनंद झाला.

मिसळीच्या पट्ट्यांवर सगळ्यात जास्त वेळ गेला. करड्यात पिवळा पॅलेटवर कालवला तर हिरवट गाळ होतो, हे कोणीही रंग हाताळणारा सांगेल. उजेड मिसळला की अधिक उजळतो, रंग मिसळले की मळकतात. तेव्हा दोन्ही रंग कालवायचे नाहीत, दोन्ही आपापल्या जागी जिवंत ठेवायचे आणि मिसळायचं काम डोळ्यावर सोडायचं. इथं मला गायतोंडे आठवत राहिले. चित्रकार वासुदेव गायतोंडे, १९२४ चे, जन्म नागपूरचा, मूळ घराणं गोव्याचं, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९४८ साली बाहेर पडलेले. ब्रशपेक्षा रोलर आणि नाइफवर त्यांचा भर. रंग लावायचा, काढायचा, कागद दाबून उचलायचा, परत लावायचा. ‘अमूर्त’ हे लेबल त्यांना मान्य नव्हतं, आणि चित्रांना नावंही ते सहसा देत नसत. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, त्याचा कॅटलॉग एका मैत्रिणीनं मला दाखवला होता, आणि त्या पानांत मी तेव्हा अक्षरशः बुडाले होते. त्यांच्या चित्रात उजेड मागून येतो. कुठून ते दाखवता येत नाही.

मी छोटा रोलर घेतला, ऑकर लावला आणि तो आधी वर्तमानपत्रावर फिरवून फिरवून जवळजवळ कोरडा केला. मग वाळलेल्या करड्यावरून हलक्या हातानं एकदाच फिरवला. कॅनव्हासच्या विणीचे उंचवटे तेवढे सोनेरी होतात, खळगे रुपेरी राहतात. पुन्हा वाळू द्यायचं, पुन्हा उलट, सोन्यावर रुपं. पावसाळ्याचा इथं फायदा झाला. एरवी अॅक्रिलिक बघता बघता सुकतं, जुलैतल्या कोल्हापुरात हवाच इतकी ओली की रंग जरा दमानं घेतो, कागद दाबून उचलायला सवड मिळते. चार इंचांच्या त्या पट्टीत शेवटी असं काहीतरी तयार झालं की जवळून ठिपके आणि वीण, आणि चार पावलं मागं गेलं की नाव न सांगता येणारा एक उबदार पांढरा.

सोन्याच्या वीस इंचांत मात्र रोलर नाही. तिथं कॅनव्हास चार स्टुलांवर आडवा ठेवला आणि पातळ रंग ओतला. वार्डाचे हौद डोक्यात होते. नुसत्या पाण्यानं अॅक्रिलिक फार पातळ केलं तर त्यातला चिकटपणा तुटतो आणि रंग नंतर पावडरीसारखा निघतो, म्हणून पाणी थोडं आणि ग्लेझचं माध्यम जास्त. कॅनव्हासची एक कड किंचित उचलायची, रंग सरकायला लागला की थांबायचं. थरावर थर. खालचा पांढरा जेसो, म्हणजे कॅनव्हासला आधी दिलेलं अस्तर, वरच्या पिवळ्यांतून परत डोळ्याकडे येतो, त्यामुळे रंग आतून पेटल्यासारखा दिसतो.

आता अंधार.

टॉल्किननी हा अंधार फार नेमका मांडलाय. उन्गोलिअंट येते तेव्हा जो पसरतो तो उजेड नसल्यामुळे झालेला काळोख नाही. त्याला स्वतःचं अस्तित्व आहे, तो उजेडातूनच बनवलाय, आणि तो डोळ्यांतून आत शिरतो. हे वाक्य वाचलं की ट्यूबमधला तयार काळा हातात घ्यावासा वाटत नाही. अनेक चित्रकार काळा वापरतच नाहीत, अल्ट्रामरीन आणि अंबर गडद करून किंवा क्रिमसन आणि थॅलो ग्रीन मिसळून काळा तयार करतात. तो सुंदर दिसतो, खोलही असतो. पण तो रात्रीचा काळा आहे. तारे असतील तिथं, अशी आशा वाटणारा. मला उजेड खाऊन झालेला काळा हवा होता.

आणि तसा काळा आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतोच आहे. काजळी. दिव्याच्या ज्योतीतून निघालेली, जळून न संपलेली. उजेडाच्या पोटातून आलेला अंधार याहून शब्दशः कुठं मिळणार? हे सुचलं तेव्हा मी शाळेत पर्यवेक्षणावर होते, आणि घंटा व्हायची वाट बघणं मला जड झालं.

घरी आईला विचारलं. माझ्या आजीच्या हाताखाली तिनं काजळ धरलेलं आहे: एरंडेलाचा दिवा, वर तांब्याची ताटली, दोन्ही बाजूंना टेकू, खाली ज्योत. मी पणतीत बारीक वात लावली, ताटली वीतभर उंच धरली. आईनं दारातूनच पाहिलं.

“अगं, देवापुढं लावल्यागत काय लावलीयास? वात वर काढ की जरा. आणि ताटली आण खाली. ज्योत टेकली पाहिजे तिला, मग धरतीय बघ काजळी.”

ज्योतीला हवा कमी पडली, ती नीट जळली नाही, की कार्बन मोकळा सुटतो. लख्ख जळणारा दिवा काजळी देत नाही. ज्योत ताटलीला टेकून पसरली, लालसर झाली, धुरायला लागली, आणि तांब्यावर मखमल चढायला लागली. खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला रुमाल, कारण ही पूड इतकी हलकी की जोरात बोललं तरी उडते. ताटली गार झाली की पोस्टकार्डाच्या कडेनं अलगद खरवडायची. एका बैठकीत चिमूटभर निघते. रोज रात्री जेवणानंतर दिवा लागायचा आणि आई शेजारी बसून जुन्या गोष्टी सांगायची. तिला मी वालिनोरची गोष्ट सांगितली. ती ऐकून म्हणाली, “म्हणजे तिनं दिवाच पिऊन टाकला की गं.” हो, तसंच.

काजळीला पाणी चालत नाही. पाण्यात टाकली तर तरंगते, भिजतच नाही. जुन्या पोथ्यांची शाई करणारे ती डिंकाबरोबर खूप वेळ घोटत बसत, त्याचं कारण हेच. मी आधी स्पिरिटचे दोन-चार थेंब टाकून तिला ओली केली, तशी ती एकदम खाली बसली. मग काचेवर घेऊन मॅट माध्यम थोडं थोडं घालत नाइफनं घोटली. घाई केली की गुठळ्या राहतात. नीट घोटलेला लेप बोटांना लोण्यासारखा लागतो, आणि पातळ पसरवला तर त्यात किंचित निळसर झाक दिसते. हाडांच्या कोळशापासून केलेला काळा तपकिरीकडे झुकतो, काजळी निळ्याकडे. चकाकी अजिबात ठेवली नाही. चकचकीत काळ्यात खिडकीचं प्रतिबिंब पडतं, म्हणजे तो उजेड परत देतो. हा काळा काही परत देत नाही.

जागा पुस्तकानंच ठरवून दिली होती. मेल्कोर आणि उन्गोलिअंट येतात तो तास मिसळीचा असतो, रुपं आणि सोनं दोन्ही एकत्र असतात तो. म्हणून अंधार उजव्या कडेच्या मिसळीतून शिरतो. पहिला मिसळीचा पट्टा, डावीकडून वीस इंचांनंतरचा, मी पूर्ण निर्धोक ठेवला. दुसरा मी तितक्याच मन लावून रंगवला, तितकेच थर दिले, आणि मग त्यावर काजळी चढवली. वरून काळा लावायचाच आहे तर खाली एवढी मेहनत कशाला, असं कोणी विचारेल. पण नुसत्या जेसोवर लावलेला काळा आणि उजेडावर लावलेला काळा यात फरक पडतो. कडेला जिथं लेप विरळ आहे तिथून खालचं सोनं अजून जाणवतं, आणि ते गेलंय हे तिथंच कळतं. वरच्या कोपऱ्यात एक बोटभर जागा मी कापडानं पुसून उघडी केली. झाडांचं ते शेवटचं फूल आणि फळ तिथं आहेत, असं मी मानते. बघणाऱ्याला तिथं फक्त एक फिकट ओरखडा दिसेल, आणि तेवढं पुरे.

गोष्ट माहीत नसेल तर चित्र कळेल का, हा प्रश्न सगळे विचारतात. आमच्या नववीतली एक मुलगी ग्रेड परीक्षेच्या सरावासाठी घरी येते. तिनं टॉल्किनचं नावही ऐकलेलं नाही. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली, डावीकडून उजवीकडे चालत गेली, काजळीपाशी बोट नेलं आणि मागं घेतलं. मला म्हणाली, “मॅडम, इथं आत जायला होतंय.” मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. नंतर गोष्ट सांगितली तेव्हा ती पहिल्या मिसळीपाशी परत गेली आणि तिथंच थांबली. गोष्ट न कळता तिला अंधार दिसला, गोष्ट कळल्यावर तो तास दिसला. मला दोन्ही हवं आहे, आणि यात चित्र बाटतं असं मला मुळीच वाटत नाही.

चित्राला शेवटचा हात वॉर्निशचा. रुप्याला आणि सोन्याला मंद चकाकीचं साटिन दिलं, काजळीला फक्त मॅट, तेही स्प्रेनं, कारण ब्रश लावला तर ती ओढली जायची भीती. नाव ‘बारावा तास’ असं पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलंय.

फोटो टाका म्हणून दोघा-तिघांनी सांगितलंय, ते टाकीन, पण मोबाइलनं काढलेला नाही. कॅमेऱ्याला एवढा काळा दिसला की तो स्वतःहून सगळं उजळ करतो, काजळी राखाडी होते आणि मिसळीचा पट्टा नुसता पिवळा येतो. कॅमेरा असलेल्या एका मित्राला पावसाची उघडीप बघून दुपारचं बोलावलंय. कोल्हापुरात असाल तर मात्र फोटोची वाट बघू नका, घरी या. चारच्या सुमाराला खिडकीतून तिरका उजेड येतो, तेव्हा कॅनव्हासची वीण सगळ्यात चांगली दिसते.